वकील माणूस गेला की त्याची आठवण कशी लिहायची, आणि सभा कशी घ्यायची

मामा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात काम पडलं, तू लिहितोस ना काहीबाही, मग दोन पानं लिहून दे, बार रूममध्ये लावायचीत आणि व्हॉट्सॲपवर पण टाकायचीत. मी बसलो आणि पहिलंच वाक्य लिहिलं, 'मनमिळाऊ, निगर्वी आणि कर्तव्यदक्ष व्यक्तिमत्त्व आपल्यातून निघून गेले'. मामी शेजारी वाल सोलत बसली होती, तिने वाकून वाचलं आणि म्हणाली, हे कोण रे?

बरोबरच होतं तिचं. मामा मनमिळाऊ वगैरे अजिबात नव्हता, खवट होता, पक्षकाराला तोंडावर 'तुझी केस पडेल, आपसात मिटव' म्हणायचा आणि फी बुडवून घ्यायचा. भिवंडीत चाळीसेक वर्षं वकिली केली, यंत्रमागाच्या गाळ्यांची भांडणं, सुताच्या उधारीचे दावे, नंतर नंतर चेक बाऊन्सच्या 138 च्या केसेस, आणि संध्याकाळी मोहल्ला कमिटी (वस्तीत हिंदू-मुसलमान एकत्र बसून भांडणं मिटवायची ती, पुढे सांगतो). ते पान मी फाडलं आणि मग पुढचे दोन महिने जे काही शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, कारण असा एखादा काका-मामा-आजोबा बऱ्याच घरात असतो, कोर्ट, घर आणि गावातली भांडणं या तिन्हीकडे अर्धा अर्धा वाटला गेलेला, आणि तो गेल्यावर घरच्यांना कळत नाही की सुरुवात कुठून करायची.

सुरुवात लिखाणापासून करूच नका. आधी ऑफिस.

पहिल्या आठवड्यात कोणीतरी उत्साही नातेवाईक म्हणणारच की ही रद्दी आवरून टाकू, त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा. वकिलाच्या ऑफिसातले कागद त्याचे नसतात, पक्षकारांचे असतात. खरेदीखतं, मृत्युपत्रं, मूळ चेक, कोणाचं तरी जुनं रेशनकार्ड, हे सगळं ज्याचं त्याला परत जायला हवं आणि देताना साधी पोच घ्यायची, तारीख टाकून सही. आणि दुसरं म्हणजे वकील गेला की त्याचं वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने आपल्या वतीने कोर्टात उभं राहायला दिलेला लेखी अधिकार, तिथेच संपतं, पक्षकाराला नवीन वकील लावून नवीन वकीलपत्र द्यावं लागतं (त्याच वकीलपत्रावर आणखी कोणाची सही असेल तर गोष्ट वेगळी). म्हणजे परवाची तारीख असलेली एखादी बाई तिकडे कोर्टात उभी असते आणि तिला माहीतच नसतं की आपल्या बाजूने बोलायला आता कोणी नाहीये. म्हणून वकिलाची डायरी शोधा, ती जाडी, ज्यात रोजच्या तारखा असतात, आणि ज्युनिअर किंवा कारकुनाला घेऊन पुढच्या महिन्याभराच्या तारखांवाल्यांना फोन करा. आम्ही चौथ्या-पाचव्या दिवशी केले फोन, खरं तर उशीरच झाला. हे श्रद्धांजलीच्या आधी का सांगतोय तर माझ्या मते हीच खरी पहिली श्रद्धांजली, मामा असता तर फोटोला हार आहे की नाही ते त्याने बघितलं नसतं, तारीख चुकली असती तर मात्र चिडला असता.

बार असोसिएशनच्या सेक्रेटरीला तेव्हाच भेटून घ्या. एक तर ते कोर्टात शोकसभा ठेवतात, ज्याला वकील मंडळी रेफरन्स म्हणतात, त्यासाठी त्यांना सनदेचं (वकिलीच्या परवान्याचं) वर्ष, शिक्षण वगैरे माहिती लागते, आणि दुसरं म्हणजे वकिलांसाठी कल्याण निधी असतो, सभासदत्व असेल तर वारसांना रक्कम मिळते, त्याचे कागद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जातात. दुःखात हे विचारायला लाज वाटते. विचारा.

हां, आता ती डायरी. तिला रद्दी समजू नका आणि बघायला म्हणून कोणाला देऊही नका, त्यात लोकांची नावं असतात. पण घरातल्या एकाने शांत बसून ती वाचावी. मामाच्या डायरीत तारखांच्या कडेला पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं असायचं, 'चिंटूची शाळा 4 वा.', 'निजामपुरा, रात्री 9', 'हिचं बीपी', आणि एका पानावर फक्त 'जेवलो नाही'. दोन पानांचा लेख मला त्या कडेच्या अक्षरातूनच सापडला, मधल्या मजकुरातून नाही.

आता माणसं गाठायची. आपण सगळे आधी मोठ्या माणसांकडे जातो, निवृत्त जज, बारचे अध्यक्ष, नगरसेवक, आणि ते सगळे तेच बोलतात, मनमिळाऊ निगर्वी कर्तव्यदक्ष. त्यांचं एकेक वाक्य घ्या आणि खाली उतरा. कारकून, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट, स्टॅम्पवाला, कॅन्टीनचा पोरगा, बेलीफ. मामाच्या टायपिस्टने मला सांगितलं की साहेब तलाकच्या आणि घटस्फोटाच्या केसमधे नोटीस डिक्टेट करायच्या आधी नवऱ्याला एकदा ऑफिसात बोलवायचे, आणि तो आला की पहिली दहा मिनिटं त्याच्या यंत्रमागाबद्दलच बोलायचे, बीम (मागावर चढवायचा सुताचा रूळ) कितीला पडतो, लाईट किती तास जाते. घरात कोणाला हे माहीत नव्हतं.

प्रश्न नेमका विचारा. 'तुम्हाला मामांबद्दल काय वाटतं' विचारलं की माणूस भाषण देतो. त्यापेक्षा असं विचारा:

ते तुमच्या घरी आले की कुठे बसायचे, काय खायचे, काय खायचे नाहीत?
तुमचं त्यांच्याशी भांडण कधी झालं, कशावरून?
रात्री-अपरात्री फोन केलाय कधी? त्यांनी उचलला का?
त्यांचं कुठलं काम अर्धं राहिलं?

भांडणाचा प्रश्न सोडू नका. एका मौलानांनी हसत हसत सांगितलं की लाऊडस्पीकरच्या विषयावर आमचं सहा महिने बोलणं बंद होतं, पण त्या सहा महिन्यात ईदला शीरखुर्मा माझ्याकडून गेला आणि दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या आल्या, फक्त डबा पोरांच्या हातून पाठवायचो. ही एक गोष्ट मला सर्वधर्मसमभाव या शब्दापेक्षा शंभर पट जास्त कळते. तो शब्द लेखात वापरायचाच नाही असं मी ठरवून टाकलं, तुम्हीही बघा जमतंय का. आणि 'मुस्लिम बांधवांनाही त्यांनी आपलं मानलं' असली वाक्यं तर नकोच नको, त्यातला तो 'ही' वाचणाऱ्याला टोचतो, कोण कोणाला आपलं मानणार आणि त्याची परवानगी कोण देणार.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. म्हातारी माणसं रेकॉर्डिंग म्हटलं की सभ्य होतात, म्हणून पहिला चहा होईपर्यंत फोन खिशातच राहू द्या.

यानंतरचा भाग कायद्याचा आहे, थोडा कंटाळवाणा, पण वाचा. वकिलाला पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुपित असते, आणि काम संपलं तरी ते बंधन संपत नाही. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मधे होतं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय त्यात कलम 132 मधे आहे, वकिलाचे दुभाषी, कारकून, नोकर यांनाही ते लागू आहे. त्यामुळे टायपिस्ट भावनेच्या भरात सांगेल की अमक्या सेठची केस साहेबांनी अशी वाचवली, ते ऐका, डोळे पुसा, आणि लिहू नका. माणूस ओळखू येईल असं काहीच नको, 'एक यंत्रमागवाला' एवढं पुरे. मोहल्ला कमिटीच्या गोष्टींना तर दुप्पट काळजी, कारण कुठल्या गल्लीत कोणी दगड उचलला होता आणि कोणी त्याचा हात धरला ते अजूनही त्याच गल्लीत शेजारी राहतायत.

कमिटी म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी दोन ओळीत. भिवंडीत 1970 ला मोठी दंगल झाली, परत 1984 ला. मग 1988 च्या सुमारास तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत दोन्हीकडची माणसं एकत्र बसवून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं तिथे बोलायचं. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 मधे शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे लेखात यायलाच हवं, पण एक सांभाळा, श्रेय आपल्या माणसाच्या एकट्याच्या नावावर लावू नका. मी आधी लिहिलं होतं की 'मामांनी भिवंडी वाचवली'. कमिटीतल्या एका चाचांनी ते खोडलं आणि म्हणाले, बेटा, वकीलसाब खुद पढते तो हंसते, लिखो के उन रातों में वो घर पे नहीं थे. तसंच लिहिलं.

म्हणजे विशेषणाच्या जागी घटना, एवढंच सूत्र. याचं मला आवडणारं उदाहरण बदरुद्दीन तय्यबजींचं आहे. 1867 मधे मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर, सुलेमानी बोहरा (मुसलमानांमधला एक पंथ), 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, त्यांच्यावर लिहिणारे सगळे उदारमतवादी उदारमतवादी करत राहतात. पण 1897 मधे टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात पकडलं, आधी जामीन नाकारला गेला होता, अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या बाजूने उभे होते दिनशा दावर. आरोपी चित्पावन, वकील पारशी, न्यायाधीश बोहरी, एवढं एक वाक्य लिहिलं की त्या काळची मुंबई समोर उभी राहते आणि उदारमतवादी शब्दाची गरज उरत नाही. (हेच दावर पुढे न्यायाधीश झाले आणि 1908 ला त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली, पण तो वेगळा विषय, मी भरकटतोय.)

तय्यबजींचं नाव काढलंय तर घराचा मुद्दा पण इथेच घेतो. त्या घराण्यात 'अखबार' नावाच्या वह्या असायच्या, घरातल्यांनी कोणीही त्यात लिहायचं, कोण आलं, कोण आजारी पडलं, कुठे फिरायला गेलो, आणि बाकीच्यांनी वाचायचं. बायका, मुलं सगळी लिहायची. आम्ही ही आयडिया सरळ उचलली. दोनशे पानी लाँगबुक आणली, दहाव्याच्या दिवशी टेबलावर ठेवली आणि वर लिहिलं, मामाबद्दल काहीही, वाईट असलं तरी चालेल. पहिले तीन दिवस फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेली चित्रं. मग धाकट्या मामेबहिणीने लिहिलं, 'माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पप्पा शांतता कमिटीच्या मीटिंगला होते, मला तीन दिवस राग होता, अजून थोडा आहे'. त्यानंतर वहीचं झाकण उडालं. मामीने स्वतः काही लिहिलं नाही, पण मला बसवून सांगितलं की रात्री अकरानंतर आलेल्या माणसांना ह्यांनी कधी उपाशी जाऊ दिलं नाही असं सगळे म्हणतात, ते खरंय, पण पोळ्या कोण लाटत होतं ते पण लिही.

लिहिलं. कुटुंबवत्सल हा शब्द शोकसंदेशात इतका स्वस्त झालाय की समाजसेवा करणारा प्रत्येक माणूस आपोआप कुटुंबवत्सल होतो, प्रत्यक्षात तो बहुतेकदा घराचे तास काढूनच बाहेर देत असतो, आणि घर ते देतं, कधी खुशीने कधी चिडून. दोन्ही बाजू लिहिल्या तरच माणूस दिसतो. मामा सकाळी सहाला उठून मुलींच्या वेण्या घालायचा, वाकड्या, ते पण त्याच पानावर आलं.

शब्द कुठले वापरायचे याचा एक छोटा घोळ सगळ्यांकडे होतो. नावाआधी कै. लावतात ते कैलासवासीचं, हिंदूंसाठी. वारकरी घरात वैकुंठवासी. मुसलमान माणसाला आपल्या मराठी पेपरात पैगंबरवासी लिहितात, पण घरचे स्वतः मरहूम म्हणतात, बाईला मरहूमा. ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तवासी. बौद्ध घरात कालकथित, आणि कार्यक्रमाला पुण्यानुमोदन. मामाच्या सभेच्या पत्रकात कमिटीतल्या आधी गेलेल्या पाच जणांची पण नावं टाकायची होती आणि डीटीपीवाल्याने आपल्या मनाने सगळ्यांना सरसकट कै. लावून दिलं, तीनशे प्रती छापून झाल्यावर कळलं. परत छापली. पाच नावं एकत्र असतील तर सगळ्यांना दिवंगत लिहा, कोणाचीच हरकत नसते. आणि नावाचं स्पेलिंग घरच्यांकडून तपासा, शेख आहे का शैख, अन्सारीतला न अर्धा आहे का नाही, माणूस गेलाय आणि नाव चुकीचं छापलंय यापेक्षा वाईट काही नाही.

आता सभा. कोर्टातला रेफरन्स वेगळा, तो त्यांच्या रीतीने दहा-पंधरा मिनिटात होतो, तिथे तुम्ही काही करायचं नाही, घरच्यांनी वेळेवर जाऊन बसायचं. गावातली सभा तुमची. तारीख काढताना कॅलेंडर नीट बघा, शुक्रवारी दुपारी नको, जुम्मा असतो, संध्याकाळी ठेवली तर सूर्यास्ताला मगरिबची नमाज येते, म्हणून एक तर पाचला सुरू करून त्याआधी संपवा किंवा मधे पंधरा मिनिटं सोडा आणि पत्रकातच तसं लिहा, म्हणजे उठून जाणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही. रमजान चालू असेल तर चहा ठेवू नका, किंवा सभा महिनाभर पुढे ढकला, काही बिघडत नाही. रविवारी सकाळी चर्चवाले येऊ शकत नाहीत. जैन मंडळी असतील तर खाणं दिवस मावळायच्या आत. खाणं म्हणजे तरी काय, बिस्किटं आणि केळी, केळी सगळ्यांना चालतात, हा शोध माझा नाही, मामाचा, कमिटीच्या बैठकीला तो कायम केळीच न्यायचा.

दीपप्रज्वलन करायचं का, फोटोला हार घालायचा का, यावर आमच्याकडे घरातच वाद झाला. काही मुस्लिम घरांमधे फोटोला हार घालणं पटत नाही, ते बोलत नाहीत, मागे उभे राहतात. आम्ही फोटो ठेवला, हार मामीने घरूनच घालून आणला, आणि सभेत समोर एका परातीत सुटी फुलं, ज्याला वाटेल त्याने टाका. दिवा लावला नाही. प्रार्थना कुठली म्हणायची यावर पण तेच, एक म्हटली की सगळ्या म्हणाव्या लागतात आणि पाऊण तास जातो, शिवाय कोणतरी राहतंच. शेवटी एका शाळकरी मुलीने संविधानाची प्रस्तावना वाचली, मराठीत, आणि दोन मिनिटं शांत. वकिलाच्या सभेला ते शोभून पण दिसलं.

वक्ते सहाच्या वर नको, प्रत्येकी चार मिनिटं, आणि घड्याळ घेऊन एक कडक माणूस पुढे बसवा. आम्ही मामाच्याच कारकुनाला बसवलं, त्याने माजी आमदारांना पण थांबवलं. राजकीय मंडळी येणार असतील तर त्यांना आधी बोलू द्या म्हणजे ती आधी जातात. शेवटचा वक्ता घरचा. आणि एक तरी पक्षकार बोलू दे, पण फक्त 'ते माझ्याशी कसे वागले' एवढंच, केस नाही.

नंतर काय उरतं ते बघा. पुतळा, चौकाला नाव, कमान, याच्या मागे लागू नका, महापालिकेच्या ठरावात वर्षं जातात आणि मधेच कोणाचं तरी राजकारण होतं. काळा कोट आणि बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) गरजू ज्युनिअरला द्या, धुऊन, बटणं बघून. कायद्याची पुस्तकं बारच्या लायब्ररीला, पण आधी विचारा, जुने रिपोर्टर (कोर्टाच्या निकालांचे जाड खंड) आता सगळे कॉम्प्युटरवर बघतात आणि लायब्ररीत कपाटाला जागा नसते, आमचे अर्धे परत आले.

आम्ही दरवर्षीसाठी एकच गोष्ट ठरवली, 9 नोव्हेंबरला मोफत कायदा सल्ला. तो राष्ट्रीय विधी सेवा दिन असतो, 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 मधे त्या दिवशी लागू झाला. त्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, वांशिक हिंसाचारात, जातीय अत्याचारात किंवा पुरात होरपळलेल्यांना पण, आणि हे अजून अर्ध्या वस्तीला माहीत नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, त्यांना पत्र दिलं की पॅनेलवरचा वकील पाठवतात. बाकी सामान म्हणजे चार टेबलं, खुर्च्या, झेरॉक्सची सोय, उर्दू वाचू शकणारं एक पोरगं, आणि अर्ज लिहायला आलेल्या बाईला बसायला पडद्यामागची जागा, कारण नवरा कसा मारतो ते ती चौकात सांगणार नाही. पहिल्याच वेळी पडदा विसरलो होतो, मामीची साडी बांधली.

वही सध्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. चार कॉपी काढून स्पायरल करायला टाकल्यात, त्याआधी बसून पक्षकारांची नावं काळ्या पेनाने खोडली. एक मामीला, एक मुलींना, एक कमिटीच्या चाचांना, आणि चौथी बार रूममध्ये ठेवायची का नको यावर घरात अजून भांडण चालू आहे, कारण मामाने कुठल्या वकिलाला काय शिव्या दिल्या होत्या ते पण कोणीतरी त्यात लिहून ठेवलंय.